तळटीप : युरेनिलची हिरवी चमक

* लेखकाने ‘बोअरच्या पाण्यातले युरेनियम मोजले’ एवढेच लिहिले आहे; ते कोणत्या रूपातले, हा प्रश्न उरतो. हे पाणी सोलापूर जिल्ह्यातले; हा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला. या खडकात ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम मुळातच कमी; पण त्यातल्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असतात आणि युरेनियमचे रूप बरेचसे तेच ठरवतात. अतिनील प्रकाश पडला की ऑक्सिजनशी जोडलेल्या युरेनियमचा आयन, म्हणजे युरेनिल, हिरवा उजळतो. आम्लयुक्त पाण्यात ही चमक साधारण २ मायक्रोसेकंद टिकते. कॅल्शियम व कार्बोनेटशी बांधलेल्या युरेनिलची त्याहून कितीतरी लवकर, शंभराहून कमी नॅनोसेकंदांतच विझते, शिवाय वर्णपटातली शिखरे निळ्या बाजूला सरकतात. या दोन खुणांवरून रूप ओळखतात. ते ओळखायलाच हवे, कारण दोन कॅल्शियम जोडलेल्या रूपावर विद्युतभार नसतो. ते मातीला फारसे न चिकटता पाण्याबरोबर दूर जाते. आपल्याकडच्या नेहमीच्या फ्लुओरिमीटर-चाचणीत मात्र नमुन्यात आधी पायरोफॉस्फेट घालतात. सगळी रूपे एकाच संयुगात जातात, चमक वाढते, एकूण प्रमाण नेमके कळते. रूपांची ओळख मात्र पुसली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादाही एकूण प्रमाणाचीच आहे. – संपा.