प्लास्टिकच्या मूर्तीवरचा सोनेरी मुलामा का उडतो?

नृसिंहवाडीहून परतताना पेढे-बासुंदीबरोबर गाडीच्या डॅशबोर्डसाठी छोटी सोनेरी मूर्ती घेणारे बरेच असतात. काही महिन्यांनी तिच्या कोपऱ्यांवरचा सोनेरी थर सुटू लागला, की आपण मुलाम्याला नावं ठेवतो. पण बऱ्याचदा खरी चूक त्याआधीची असते. प्लास्टिकची नीट तयारीच झालेली नसते.

याच जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचे दागिने घडतात. दागिन्यावर, म्हणजे धातूवर, विजेच्या मदतीने दुसऱ्या धातूचा थर चढवता येतो. प्लास्टिकमधून वीजच वाहत नाही. त्यातही पॉलिप्रोपिलीनचा पृष्ठभाग इतका मेणचट, की पाण्याचा थेंबही त्यावर पसरत नाही, मग रंग किंवा लॅकर कुठून धरणार? म्हणून असं प्लास्टिक क्षणभर ज्योतीखालून नेतात किंवा त्यावर प्लाझ्माचा मारा करतात. पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात आणि लॅकरला पकड मिळते. हा परिणाम हळूहळू ओसरतो, त्यामुळे पुढचं काम लगेच उरकावं लागतं.

स्वस्त सोनेरी वस्तूंवर सोनं नसतंच, हे वेगळं सांगायला नको. बहुधा लॅकरवर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर बसवतात आणि वरून पिवळसर पारदर्शक लॅकर देतात.

गाडीच्या चकचकीत क्रोम जाळीची गोष्ट निराळी. ती बहुतेकदा एबीएस प्लास्टिकची असते. एबीएसमध्ये रबराचे सूक्ष्म कण असतात. क्रोमिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या गरम मिश्रणात ते विरघळतात आणि तिथे खळगे पडतात. मग पॅलेडियमचे कण बसवून, विजेशिवाय, निकेल किंवा तांब्याचा पहिला थर देतात. धातू त्या खळग्यांत रुतून बसतो. आता वीज वाहू शकते, त्यामुळे पुढचे तांबं, निकेल आणि क्रोमचे थर नेहमीसारखे चढतात.

पण या पक्क्या पकडीची किंमत ॲसिडच्या टाकीजवळ उभा राहणारा कामगार मोजू शकतो. त्या मिश्रणातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपियन युनियनमध्ये सप्टेंबर 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. परमँगनेटवर आधारित पर्याय आले आहेत, मात्र जुन्या पद्धतीइतकी भरवशाची पकड मिळवणं सोपं नाही.

पकड तपासायची कारखान्यातली रीत मात्र अगदी साधी: थरावर ब्लेडने बारीक चौकटी पाडायच्या, चिकटपट्टी दाबून झटकन ओढायची आणि किती चौकटी निघाल्या ते पाहायचं. घरी हा प्रयोग मूर्तीवर करू नका. तिला पितळ घासायची पावडर आणि थिनरही लावू नका. मऊ कोरडं फडकं पुरतं.