डबाबंद माल्टची घरगुती बिअर : रीत, खर्च आणि कायदा

मोड आणलेल्या धान्याचा, मुख्यतः जवाचा, गोड अर्क आंबवून जे पेय तयार होते ते बिअर. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या देशांत ती घरी करण्याचा छंद चांगलाच रुजलेला आहे. माल्ट अर्काच्या तयार डब्यांमुळे तो स्वस्त आणि सुलभही झाला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतील कितीतरी घरांची मुले आज त्या देशांत आहेत. त्यांच्याकडून या छंदाविषयी ऐकले की ‘हे आपल्याकडे करता येईल का?’ असा प्रश्न सहज मनात येतो. कृती सोपी आहे; मात्र महाराष्ट्रात तो दखलपात्र विषय आहे, केवळ हौसेचा नव्हे. म्हणून रीत आणि कायदा या दोहोंचीही माहिती असणे इष्ट ठरते.

डब्यात काय असते?

ज्या घरात नाचणीसत्त्व केले जाते तेथे माल्टची कल्पना नवी नाही. धान्य भिजवायचे, मोड आणायचे आणि सुकवायचे, हीच ती क्रिया. मोड येताना धान्यात विकरे तयार होतात आणि ती पिष्टाचे साखरेत रूपांतर करू शकतात. जवाचा माल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवला की ही साखर पाण्यात उतरते. बिअरनिर्मितीतील हा सर्वांत कष्टाचा टप्पा. डबाबंद अर्काच्या बाबतीत तो कारखान्यातच उरकलेला असतो. गोड पाणी आटवून काकवीसारखे दाट करतात व डब्यात भरतात. अनेक डब्यांत कडवट चवीसाठी हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा अर्कही मिसळलेला असतो आणि सोबत यीस्टची पुडी दिलेली असते.

परदेशातील प्रचलित कृती

डबा साधारणतः १.७ किलोचा असतो. त्यातील अर्क व सुमारे एक किलो साखर गरम पाण्यात विरघळवून थंड पाण्याने मिश्रण २३ लिटरपर्यंत वाढवतात. ते कोमट झाल्यावर यीस्ट घालतात. भांड्याच्या झाकणाला आतील वायू बाहेर जाईल, पण बाहेरची हवा आत येणार नाही अशी नळी बसवलेली असते. यीस्ट साखर खाते व तिच्यापासून मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. आठवडाभरात ही क्रिया बहुतांशी संपते.

ती खरोखर संपली की नाही, हे द्रवाच्या विशिष्ट गुरुत्वावरून ठरवतात. आरंभी ते १.०४० आणि अखेरीस १.०१० असेल तर फरकाला १३१ ने गुणावे. उत्तर सुमारे ४ येते. तितके टक्के मद्यार्क तयार झाला, असा त्याचा अर्थ. दोन दिवस आकडा न बदलल्यास बिअर बाटल्यांत भरतात आणि फेस येण्यासाठी दर लिटरला सहा ते आठ ग्रॅम साखर घालतात. घाईने भरलेल्या बाटलीत वायूचा दाब वाढतो व काच फुटून इजा होऊ शकते. दुसरा धोका अस्वच्छतेचा. भांडी, नळ्या व बाटल्या निर्जंतुक नसतील तर बिअर आंबट होते आणि सारे श्रम वाया जातात.

मुंबईच्या हवामानाची आणखी एक अडचण आहे. या बिअरचे यीस्ट १८ ते २२ अंश तापमानात उत्तम काम करते. येथे वर्षाचा बराचसा काळ खोलीचे तापमान २५ अंशांच्या वर असते. उष्णतेत यीस्ट जड मद्यार्क व उग्र वास निर्माण करते. भांड्याला ओले फडके गुंडाळण्याचा उपाय पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल. मुंबईच्या दमट हवेत पाणी लवकर उडून जात नसल्याने त्याचा फारसा गुण येत नाही.

स्वस्ताईचे खरे कारण

घरगुती बिअर स्वस्त पडते ती केवळ मजुरी वाचते म्हणून नव्हे. विकतच्या बाटलीच्या किमतीत कराचा वाटा मोठा असतो. घरी केलेल्या बिअरवर तो लागत नाही. साहजिकच ही सवलत द्यायची की नाही, हा प्रत्येक सरकारचा निर्णय ठरतो. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागे. ती अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढास वर्षाला १०० गॅलन, तर दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबास २०० गॅलन बिअर करमुक्त करण्याची मुभा मिळाली. दोन्ही देशांत ही सवलत स्वतःच्या वापरापुरती असून विक्रीला ती लागू नाही.

महाराष्ट्राचा कायदा

आपल्या राज्यघटनेनुसार मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला व १९५० मध्ये मुंबईत संपूर्ण दारूबंदी आली. पुढे साठच्या दशकात बंदी शिथिल झाली, तरी कायदा कायम राहिला आणि आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. उपनगरांतील बारच्या पाट्यांवर आजही दिसणारे ‘परमिट रूम’ हे शब्द त्याचीच खूण होत.

या कायद्यानुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा असून त्यासाठी कारावास व दंडाची तरतूद आहे. त्या हेतूने साहित्य बाळगणेही गुन्ह्यात मोडते. माल्टचा अर्क हा एरवी खाद्यपदार्थच. मद्यनिर्मितीच्या हेतूने तो ठेवला की परिस्थिती बदलते. नीरा आणि ताडी यांच्यातील भेद येथे आठवावा. झाडाचा रस तोच, आंबला की तो कायद्याच्या दृष्टीने निराळा पदार्थ ठरतो. मायक्रोब्रुअरीला राज्यात परवाना मिळू शकतो; घरगुती हौसेसाठी मात्र अशी मुभा नाही.

विषारी दारूशी गल्लत नको

डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक, तर जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक लोक विषारी दारूने दगावले. त्यामुळे घरी आंबवलेले सारेच प्राणघातक, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अशा दुर्घटनांत घातक ठरते ते मिथेनॉल हे औद्योगिक रसायन. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते व ते प्रथम दृष्टीवर आघात करते. जवाच्या किण्वनात मिथेनॉल नगण्य असते आणि बिअरमध्ये ऊर्ध्वपातन नसल्याने ते एकवटतही नाही. धोका आंबवण्यात नसून भेसळीत आहे.

कायद्याने मात्र दोन्हींना एकाच कलमात बसवले आहे. हा भेद मान्य करायचा तर तो विधिमंडळानेच करावा लागेल. तोवर परदेशस्थ मराठी माणसाने तेथील मर्यादा पाहून हा छंद जोपासावा. मुंबईकराने त्याची माहितीच तेवढी घ्यावी, हे उत्तम.