नर गेला, पुढे काय?

१९७२ साल उजाडायला अजून अवकाश आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, हेरॉन बेटापाशी तुम्ही बुडी मारलीय. समोर एक हेकरू जबडा वासून ढिम्म उभा. बोटाएवढा एक मासा त्याच्या तोंडात बेधडक घुसतो आणि कल्ल्यातून बाहेर येतो! तोंडापासून शेपटीकडे रुंदावत गेलेला काळा पट्टा, मागच्या अंगाला झगझगीत निळाई. हा क्लीनर रॅस. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी किडे वेचून खाणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. मध्येच तो कातडीवरच्या चिकट थराचा लचका तोडतो, हेकरू दचकतो. किड्यांपेक्षा रॅसला हा थरच जास्त आवडतो. संधी मिळाली की हात मारतोच.

पण तुम्ही आलात ते याचा संसार बघायला. एक नर, पदरी पाच-सहा माद्या. सगळ्यांत थोराड मादी पहिली, तिच्याखाली बाकीच्यांची उतरंड. नर दिवसभर फेऱ्या मारतो, माद्यांवर धावून जातो. उगाच जाच करतोय, असं वाटेल. थोडं थांबा.

रॉस रॉबर्टसन नावाचा संशोधक या नराला उचलून नेतो. आता घड्याळ बघा. पहिले काही तास कसोटीचे, कारण शेजारचा नर या ओसाड वतनावर टपलेलाच असतो. तो घुसला, तर थोरली पुन्हा मुकाट मादी. तिने त्याला हुसकावलं, तर खेळ फिरला. दीड-दोन तासांतच ती पंख ताणून इतर माद्यांवर चाल करते, अगदी गेलेल्या नराच्या ढंगात. अजून पोटात अंडाशयच आहे, पण रुबाब बघून घ्या! चार दिवसांच्या आत ती माद्यांशी प्रणयही करू लागते.

आता पंधरवडा पुढे सरका. चौदा ते अठरा दिवसांत तिच्या शरीरात शुक्रपेशी तयार होतात आणि ती पुरता नर होते. म्हणजे तो जाचच इतके दिवस तिला मादी ठेवत होता. माझ्या मते या शोधातली खरी चकित करणारी गोष्ट हीच: लिंग ठरवायला कुणाची तरी दमदाटी पुरते.

१९७२मध्ये हे सगळं ‘सायन्स’ नियतकालिकात छापून येईल. इथे मात्र दुसरी मादी आता पहिली झालीय, आणि कालपर्यंत तिच्यासारखीच अंडी घालणारी थोरली तिच्या अंगावर धावून जातेय.