एक जूनची पंगत

शिरूर आणि दौंड तालुक्यांत साठीच्या घरात पोचलेल्या माणसाला जन्मतारीख विचारली, तर पुष्कळदा १ जून हेच उत्तर मिळतं. मुलाला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख ठाऊक नसे. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होई, त्याला वय जुळेल अशी तारीख मास्तर लिहून टाकत. म्हणून तर सरकारी कचेऱ्यांत ३१ मे रोजी निरोपसमारंभांची रांग लागते.

माझा एक शाळूसोबती त्यांतलाच. त्याची आई सांगते, पानशेत फुटल्यावर महिन्याभरानं, श्रावणात हा झाला. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. दाखल्यावर मात्र १ जून १९६१. तो २०१९ साली निवृत्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी, दाखल्यावरच्या वाढदिवसाला, त्यानं आम्हां चौघा मित्रांना पुणे-नगर रस्त्यावरच्या एका महागड्या रेस्टॉरंटात जेवायला नेलं. रांजणगावची औद्योगिक वसाहत आल्यापासून या रस्त्यावर असली ठिकाणं वाढली. मंद दिवे, कापडी रुमाल, मेणबत्ती. मटण मागवताना तो म्हणाला, "श्रावणात झालो खरा, पण कागदावर जूनमध्ये झालो म्हणून हे चालतंय!"

घरी आल्यावर मी 'धर्मसिंधु' काढला. काशीनाथ उपाध्यायांनी हा ग्रंथ १७९०च्या सुमारास पंढरपुरी सिद्ध केला. दौंडवरून वाहत जाणाऱ्या भीमेचंच ते गाव. वाढदिवसाला तिथे 'वर्धापन' म्हटलं आहे. तिळाचं स्नान, मार्कंडेयाची आणि चिरंजीवांची पूजा, तीळगूळ घातलेलं दूध प्यायचं. या दिवशी वर्ज्य काय, तर नखं-केस कापणं, प्रवास, मांसाहार, भांडण, हिंसा. आम्ही तीस किलोमीटर गाडी हाकत गेलो होतो, मटण खाल्लं होतं, आणि बिल कोणी द्यायचं यावरून भांडलोही होतो. उत्सवमूर्तीनं त्याच सकाळी केस कापले होते, हेही नोंदवून ठेवतो.

वाढदिवसाला मित्रांसह मेजावर बसण्याची रीत आपल्याकडे आली कुठून? शिरूरपुरता माझा तर्क छावणीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन कोरेगावकडे निघाला तो इथूनच. अशा छावण्यांत राजाचा वाढदिवस तोफांची सलामी देऊन आणि अधिकाऱ्यांना मेजवानी घालून साजरा होई. तिसऱ्या जॉर्जचा वाढदिवस ४ जूनला असे. आमच्या १ जूनच्या अगदी शेजारी! गावाचा त्या मेजाशी संबंध नव्हता. गावानं साहेबाला जेवू घातलं ते मेल्यावर. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला लोक 'सतपुरुष' म्हणून सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य दाखवू लागले.

दौंडची गोष्ट वेगळी. १८५८ साली पुण्याहून दिकसाळपर्यंतचा लोहमार्ग दौंडवरून गेला, १८७८ साली मनमाडचा फाटा जोडला गेला आणि दौंड जंक्शन झालं. रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन आणि इतर ख्रिस्ती कुटुंबं आली. या भागात वाढदिवसाचा केक आला असेल तर त्यांच्या चुलींवरून. पण त्याच रेल्वेच्या फलाटांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळे. गाडीनं माणसं एका डब्यात बसवली, एका ताटाशी नाही बसवली.

एका मेजावर बसणं ही केवढी गोष्ट होती, हे पुण्यानं १८९०च्या ऑक्टोबरात पाहिलं. पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले वगैरे मंडळी व्याख्यानाला गेली आणि तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती शिवली. गोपाळराव जोशी यांनी नावं छापून आणली आणि ग्रामण्य उठलं; प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तावाचून सुटका झाली नाही. रानड्यांनी ते घेतलं म्हणून त्यांचेच चाहते दुखावले. एक कप चहा, आणि त्यावर दोन वर्षं वाद! या प्रकरणाकडे आपण गंमत म्हणून बघतो, ते मला पटत नाही. ज्यांना बिस्किटं देऊ केली ते निदान खुर्चीवर बसले होते.

आमच्या पाचांतल्या एकाच्या वडिलांना गावच्या हॉटेलात खुर्ची नव्हती. त्यांचा कप बाहेर कोनाड्यात असे. वरून चहा ओतला जाई. पिऊन झाल्यावर कप स्वतः विसळून परत ठेवायचा. १९५०च्या राज्यघटनेतल्या पंधराव्या कलमानं हॉटेलं आणि उपाहारगृहं सर्वांना खुली झाली, १९५५च्या कायद्यानं मज्जाव हा गुन्हा ठरला. पण त्या कोनाड्यातला कप त्यानं लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, स्वतः पाहिला आहे. रेस्टॉरंटात हे त्यानं सहज सांगितलं, नॅपकिनची घडी उलगडता उलगडता. मग वेटरला हाक मारून लिंबू मागितलं. बिलासाठी सर्वांत जास्त भांडला तोच, आणि शेवटी बिल त्यानंच दिलं.

उत्सवमूर्तीचा खरा वाढदिवस दोन महिन्यांनी आला. मी सहज त्याच्या घरी गेलो होतो. ऐंशीच्या पुढची आई त्याला पाटावर बसवून ओवाळत होती. स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मला बघून म्हणाली, "बस रे, तूही जेवून जा. त्या दिवशीचं जेवण शाळेच्या पोराचं होतं, हे माझ्या पोराचं."