बग्गीला नंबर कोण देणार?

समजा, मुलुंडच्या एखाद्या गाळ्यात तुम्ही वर्षभर खपलात. पाइपची चौकट वेल्ड केलीत, जुन्या गाडीचं इंजिन बसवलंत, चार जाडजूड टायर लावलेत आणि झाली तुमची ड्यून बग्गी तयार! आता ती घेऊन आरटीओत गेलात आणि म्हणालात, "साहेब, नंबर द्या." साहेब पहिला प्रश्न कोणता विचारतील? ब्रेक लागतात का? दिवे आहेत का? छे! ते म्हणतील, "फॉर्म २१ कुठाय?"

फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला. त्याच्या जोडीला लागतो फॉर्म २२, म्हणजे गाडी नियमांत बसते असं उत्पादकाने लिहून दिलेलं. तुम्ही ना डीलर, ना कंपनी. झालं, फाईल तिथेच बंद.

दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माझ्यासारख्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. नोंदणी म्हणजे मुळात गाडीची ओळख. चेसिस नंबर ही प्रायमरी की, आणि ती की कोणीतरी जबाबदार माणसाने दिलेली असायला हवी. बग्गीचा सगळा इतिहास म्हणजे ही की कुठून मिळवायची याचा इतिहास आहे.

सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. १९६४ साली ब्रूस मायर्स नावाच्या माणसाने, जो बोटी बनवायचा, फायबरग्लासची एक छोटीशी गाडी तयार केली : मायर्स मँक्स. पहिल्या डझनभर गाड्यांची बॉडी हीच चेसिस होती. ते महागात पडायला लागलं, तेव्हा त्याने फोक्सवॅगन बीटलचा सांगाडा घेतला, सुमारे ३६ सेंटिमीटरने आखूड केला आणि वर आपलं कवच बसवायचं किट विकायला काढलं. पैसे वाचले, आणि शिवाय खालच्या सांगाड्यावर कंपनीचा नंबर होताच. म्हणजे दिसायला बग्गी, कागदावर फोक्सवॅगन. १९६७ मध्ये मँक्सने मेक्सिकोतली लांब पल्ल्याची शर्यत जिंकली, आणि मग नकला करणाऱ्यांची रांग लागली. मायर्स पेटंटसाठी कोर्टात गेला आणि हरला. त्याचा धंदा बसला, पण बग्गी जगभर पोचली.

पुढे इतर देशांनी घरी बनवलेल्या गाड्यांसाठी वेगळी दारं उघडली. ब्रिटनमध्ये १९९८ पासून एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होऊ लागली. जुनी ओळख टिकवायची तर तिथे अनेक वर्षं चक्क गुण मोजायचे : चेसिसला पाच, सस्पेन्शनला दोन, स्टिअरिंगला दोन, इंजिनला एक. एकूण आठ झाले तर नंबर कायम. कॅलिफोर्नियाने २००१ च्या कायद्याने अशा गाड्यांना धुराच्या नियमात सवलत दिली, पण वर्षाला फक्त ५०० गाड्यांना.

आणि आपण? आपण उलट दिशेने गेलो. १९८८ च्या मूळ मोटार वाहन कायद्यात गाडीत बदल करायचा तर आरटीओला कळवून परवानगी घ्यायची वाट होती. २००० साली कलम ५२ बदललं : उत्पादकाने मुळात जे ठरवलं त्याच्याशी विसंगत बदल करायचा नाही. सीएनजी किटसारखे थोडे अपवाद ठेवले. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने या कलमावर शिक्का मारला. म्हणजे मायर्सची युक्ती, दुसऱ्याच्या सांगाड्यावर आपली बॉडी, आपल्याकडे बाद. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने केंद्राला बदलांचे निकष ठरवायचा अधिकार दिला खरा, पण तोही मुळात नोंदलेल्या गाडीत बदल करण्यापुरता. शून्यातून गाडी बनवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव) एका कारागिराचा व्हिडिओ देशभर फिरला. भंगारातल्या सामानातून, साठेक हजार रुपयांत त्याने चारचाकी बनवली होती, आणि ती मोटारसायकलसारखी किक मारून सुरू व्हायची! आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण सोबत हेही म्हटलं की ही नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवतील. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीही. गोष्ट गोड आहे. पण नीट बघा : माणसाला गाडी मिळाली, त्याच्या गाडीला नंबर नाही मिळाला.

कायद्याचं दार कधीच उघडत नाही असंही नाही. बजाजने २०१२ मध्ये आरई६० दाखवली. वजन चारशे किलोच्या आसपास, इंजिन २१६ सीसी. ना रिक्षा, ना कार. नोंदवायची कशात? मग 'क्वाड्रिसायकल' हा नवा वर्गच निर्माण झाला, विरोध झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०१८ मध्ये ती खाजगी वापरासाठीही मान्य झाली. एप्रिल २०१९ मध्ये 'क्यूट' महाराष्ट्रात विक्रीला आली. सात वर्षं! आणि हे बजाजसारख्या कंपनीला. गाळ्यातल्या माणसाकडे ना वकिलांची फौज, ना सात वर्षं.

आता दुसरी बाजू. याच क्यूटला २०१६ मध्ये युरोपातल्या धडक चाचणीत एकच तारा मिळाला होता. आणि घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गर्दीत घरी वेल्ड केलेलं स्टिअरिंग निखळलं तर? फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर चालणाऱ्यानेही काही हक्क सोडलेले नाहीत. म्हणून "द्या हो सगळ्यांना नंबर" असं मी म्हणणार नाही. बंदिस्त खाजगी मैदानात बग्गी चालवायला कायदा आड येत नाही. इंजिनिअरिंगची पोरं 'बाहा' स्पर्धेसाठी दर वर्षी बग्ग्या बनवतात, त्या अशाच पळतात. पण जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा कायद्याने सार्वजनिक. समुद्रकिनारासुद्धा त्यातून सुटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की आज आपण गाडी तपासतच नाही, तिचा बाप कोण ते तपासतो. पुण्याला एआरएआय आहे, १९६६ पासून. चाचणी कशी घ्यायची हे तिथल्या लोकांना आपण शिकवायला नको. पण तिथली पद्धत एक नमुना तपासून हजारो गाड्या विकणाऱ्यासाठी आखलेली. एकाच गाडीसाठी परवडणाऱ्या फीची एक तपासणी हवी : ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, वेल्डिंग, धूर. पास झाली तर चेसिसवर सरकारी नंबर ठोका आणि विमा सक्तीचा करा. नापास झाली तर का झाली ते लेखी द्या. "फॉर्म २१ नाही" हे काही नापास व्हायचं कारण नव्हे. "तुमचा डावा ब्रेक उशिरा धरतो" हे कारण आहे, आणि ते ऐकून माणूस गाळ्यात परत जाऊन ब्रेक दुरुस्त करू शकतो.