संत्र्या-लिंबाची साल फेकताय? थांबा! कुठे वापरायची आणि कुठे अजिबात नाही, ते आधी वाचा

संत्र्याचा रस काढला की फळाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साल, चोथा आणि बियांच्या रूपात उरतो. घरोघरी तो थेट ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. दुसरीकडे सोशल मीडियावर याच सालींचे इतके ‘जादुई’ उपाय फिरत असतात, की फरशीपासून चेहऱ्यापर्यंत सगळं सालीनेच चमकेल असं वाटावं. यातले काही उपाय खरोखर कामाचे आहेत, तर काही नुकसान करणारे. फरक ओळखण्यासाठी सालीत नेमकं काय असतं ते आधी पाहू.

सालीत असतं काय?

सालीचा बाहेरचा रंगीत थर बारीक तेलग्रंथींनी भरलेला असतो. साल दुमडली की जो वासाचा फवारा उडतो, तो याच तेलाचा. संत्र्याच्या सालीच्या तेलात सुमारे ९० टक्के ‘लिमोनीन’ असतं. ते चिकट आणि तेलकट पदार्थ विरघळवतं. आतल्या पांढऱ्या थरात पेक्टिन असतं, ज्यामुळे जॅम घट्ट होतो. सालीचा कडूपणाही मुख्यतः याच थरात असतो. आंबटपणा मात्र सालीत नसून रसात असतो. म्हणूनच पितळ घासायला सुकी साल नाही, तर थोडा रस उरलेली लिंबाची फोड लागते.

स्वयंपाकघरात

खाण्यासाठी साल वापरायची तर फळ आधी कोमट पाण्यात चोळून धुवा. बाजारातल्या फळांवर कीटकनाशकांचे अंश असू शकतात आणि चकचकीत दिसणाऱ्या फळांवर अनेकदा मेणाचा थर असतो.

• किस : बारीक किसणीने फक्त रंगीत थर किसा, पांढरा भाग लागला की थांबा. केक, श्रीखंड किंवा शिऱ्यात चिमूटभर किसाने छान स्वाद येतो.

• सालीचं लोणचं : पिळलेल्या लिंबांच्या साली बारीक चिरून मीठ, तिखट, साखर आणि थोडा लिंबाचा रस घालून बरणीत भरा. साली मऊ व्हायला काही आठवडे लागतात. हात, चमचा आणि बरणी कोरडी हवी, नाहीतर बुरशी येते.

• पाकवलेली साल : यासाठी मोसंबीची जाड साल चांगली. पट्ट्या कापून दोन-तीनदा उकळा आणि दर वेळी पाणी फेकून द्या, म्हणजे कडूपणा उतरतो. मग साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवून वाळवा. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि सुटी असते. ती वाळवून पूड करायला जास्त सोयीची.

साफसफाईसाठी

• तांबं-पितळ : पिळलेल्या लिंबावर मीठ घेऊन भांडं घासा. आम्लामुळे काळपट थर सुटतो आणि मिठाची खर त्याला मदत करते. लगेच धुऊन कोरडं पुसा, नाहीतर पुन्हा डाग पडतात.

• मायक्रोवेव्ह : काचेच्या वाडग्यात पाणी आणि साली घालून तीन-चार मिनिटं तापवा. दार आणखी पाच मिनिटं बंद ठेवा. वाफेने सुटलेला चिकटपणा कापडाने पुसून निघतो.

• स्टिकरचा चिकटा : डब्यावर किंवा बाटलीवर उरलेल्या चिकट्यावर सालीची बाहेरची बाजू घासा. लिमोनीनमुळे तो मऊ पडतो. थर्माकोलवर मात्र हा प्रयोग नको, तोही विरघळतो.

• व्हिनेगरमधला क्लीनर : बरणीत साली भरून त्या बुडतील इतकं पांढरं व्हिनेगर ओता आणि दोन आठवडे ठेवा. गाळून तेवढंच पाणी मिसळा. सिरॅमिक टाइल्स आणि नळांवरच्या पांढऱ्या डागांसाठी हे उपयोगी पडतं.

बायोएन्झाइम : बाटली फुटू शकते!

एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि साधारण तीन महिन्यांचा संयम, ही बायोएन्झाइमची प्रचलित कृती. आंबताना त्यातून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून काचेची बाटली टाळा, प्लॅस्टिकची घ्या आणि पाव भाग रिकामी ठेवा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. नावात एन्झाइम असलं तरी हे द्रव मुख्यतः आम्लामुळे स्वच्छता करतं. ते जंतुनाशक समजू नका.

इथे मात्र नकोच

• संगमरवर, शहाबादी, कडप्पा : हे दगड चुनखडीच्या जातीचे. लिंबू, व्हिनेगर किंवा बायोएन्झाइम लागलं की त्यांची चकाकी जाते आणि पुसून परत येत नाही.

• ब्लीचसोबत : आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. एकानंतर लगेच दुसरं वापरणंही धोक्याचं.

• चेहऱ्यावर ताजं लिंबू : लिंबाच्या रसात आणि सालीच्या तेलात अशी द्रव्यं असतात, जी त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड आणि काळे डाग येऊ शकतात. दिवाळीच्या उटण्यात संत्र्याच्या सुक्या सालीची पूड वापरतात. तीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा.

• घरात मांजर असेल तर : सालीतलं तेल मांजरांना अपायकारक असतं. त्यांच्या अंगावर ते फवारू नका, त्यांच्या जागेतही नको.

• डासांसाठी भरवसा : साल जाळल्याने वास येतो, धूरही होतो, पण डेंग्यू-मलेरियापासून संरक्षण मिळत नाही. साठलेलं पाणी काढणं आणि जाळी-मच्छरदाणी लावणं यांना हा पर्याय नाही.

उरलेल्या सालींचं काय?

साली कंपोस्टमध्ये जातात, पण हळू कुजतात. त्यामुळे बारीक तुकडे करून, सुका पालापाचोळा मिसळून थोड्या-थोड्या घाला. गांडूळखतात मात्र फार घालू नका, गांडुळांना त्या मानवत नाहीत. लगेच वापरायच्या नसतील तर साली कडकडीत वाळवा. दुमडल्यावर कट्‌कन तुटल्या की कोरड्या बरणीत भरा. दमट राहिल्या तर बुरशी येते, आणि बुरशी आलेली साल कंपोस्टशिवाय कुठेही वापरू नका.