रात्री दारं धरायला निघालात? उसाच्या पट्ट्यात बिबट्यापासून असं सावध राहा

अहिल्यानगर जिल्ह्यात रात्री घराबाहेर पडावं लागतं ते बहुतेकदा कामासाठीच. शेतीपंपाची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने रात्री येते. मग मोटर चालू करायला आणि दारं धरायला जावंच लागतं. वाट उसातून जाते आणि उसात बिबट्या असतो.

अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या भागांत ही आता नेहमीची गोष्ट आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोल्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे, तेही जंगलात नाही, तर शेतात आणि वस्तीजवळ! उसात लपायला जागा आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या म्हणजे आयतं खाणं. त्यामुळे तो कुठून तरी 'भरकटून' आलाय, हा समज सोडून द्यायला हवा. पिल्लंही उसातच होतात.

चालताना काय करायचं?

शक्यतो एकटं जाऊ नका. मोठी बॅटरी, हातात काठी आणि आवाज हवाच. मोबाईलवर गाणी लावा, मोठ्याने बोला. एरवी शेजारी वैतागतील, पण इथे तेच उपयोगाचं. माणसाची चाहूल लागली की बिबट्या सहसा स्वतःच बाजूला होतो. इअरफोन मात्र घरीच ठेवा.

सगळ्यात जास्त धोका वाकलेल्या किंवा बसलेल्या माणसाला असतो, कारण उंची कमी दिसली की बिबट्याला तो लहान प्राणी वाटू शकतो. अंधारात दारं धरताना, शौचाला उघड्यावर बसताना हेच होतं. म्हणून दारं धरताना दुसऱ्याने उभं राहून चौफेर बॅटरी फिरवत राहावं. लहान मुलांना अंधार पडल्यावर अंगणातही एकटं सोडू नका. सोबत चालताना मूल मोठ्यांच्या मध्ये ठेवा.

समोर आलाच तर?

पळू नका, पाठ फिरवू नका, खाली बसू नका. हात वर करून अंग मोठं दाखवा, ओरडा आणि हळूहळू मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. गर्दी करून घेरणं, जवळ जाऊन व्हिडिओ काढणं यातून माणसं जखमी होतात. नंतर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर उचलून घरी नेऊ नका. मादी जवळपासच असते आणि रात्री परत येते. वन विभागाचे कर्मचारी पिल्लं त्याच जागी ठेवून तिची वाट पाहतात. त्या रात्री त्या शेताकडे फिरकू नका.

बॅटरी पायाखालीही मारत चला. मण्यार रात्रीच बाहेर पडते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही. गमबूट घाला. दंशाची शंका आली तरी मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा.